लहरींची हद्द : भाग ९ – हॅमचा संच, कंपनीची लहर

मागच्या भागात रिपीटरचे काम पाहिले. उंचावरचे स्थानक एका वारंवारितेवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर तेच बोलून दाखवते. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी मंडळी, दोन मोबाइल संच घेतात, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकच्या तारेला देतात, मध्ये एक छोटा कंट्रोलर बसवतात आणि स्वस्तात रिपीटर उभा करतात. मग हीच जोडी एखाद्या टॅक्सी कंपनीच्या किंवा सुरक्षारक्षकांच्या वारंवारितेवर का लावू नये? थोडी खटपट केली की पुष्कळ हॅम संच आपल्या पट्ट्याबाहेरही प्रसारण करतात.

करतात, पण अमेरिकेत तसे करणे बेकायदा आहे. तिथल्या एफसीसी या नियामकाच्या नियमावलीत हौशी रेडिओ ‘भाग ९७’ मध्ये येतो आणि कंपन्या, कारखाने, पोलीस, अग्निशमन दल ‘भाग ९०’ मध्ये. दोन्हींकडे परीक्षा आहे, पण परीक्षार्थी वेगळे. हॅमकडे माणसाची परीक्षा होते. ती पास झालेल्याने संच घरी जोडला, फेरफार केला, तरी चालते, कारण चूक झाली तर ती ओळखण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी आहे असे कायदा मानतो. टॅक्सीचालकाची परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून तिथे यंत्राची घेतात. भाग ९० मधल्या संचाला प्रमाणपत्र लागते. शिवाय, चालकाला समोरची बटणे दाबून मनाला येईल ती वारंवारिता लावता येऊ नये, अशीच त्याची रचना असावी लागते. नेमकी हीच मोकळीक हॅम संचाचा मोठा गुण असते!

यंत्राच्या परीक्षेत विचारतात काय? पहिला प्रश्न मार्गाच्या, म्हणजे चॅनेलच्या, रुंदीचा. 1 जानेवारी 2013 पासून अमेरिकेत 150 ते 174 आणि 421 ते 512 मेगाहर्ट्झमधल्या बहुतेक भाग ९० वापरकर्त्यांना 25 ऐवजी 12.5 किलोहर्ट्झच्या अरुंद मार्गात बसावे लागले. एफएमचे डेव्हिएशन, म्हणजे बोलताना लहर मूळ वारंवारितेपासून जितकी हलते ते अंतर, 5 वरून 2.5 किलोहर्ट्झवर आले. हॅम संचावर ‘नॅरो’ असे बटण असते, पण काही संचांत ते फक्त प्रसारणाचा आवाज आवळते. रिसीव्हरची चाळणी रुंदच राहते आणि शेजारच्या मार्गावरचे बोलणे आत शिरते.

दुसरा प्रश्न स्थिरतेचा. 155 मेगाहर्ट्झच्या आसपास अरुंद मार्गावरच्या स्थिर स्थानकाला दहा लाखांत 2.5 भागांपेक्षा जास्त सरकायची मुभा नाही, म्हणजे सुमारे 390 हर्ट्झ. काही हॅम संचांची हमी याहून चौपट सैल असते. हॅम गप्पांत दीड किलोहर्ट्झची घसरण खपते; अरुंद मार्गावर तीच शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत नेते.

कायदा बाजूला ठेवला तरी भौतिकशास्त्र सोडत नाही. रिपीटर 50 वॅटने बोलत असताना त्याच अँटेनावर 0.2 मायक्रोव्होल्टचा संदेश ऐकत असतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर म्हणजे सहावर सोळा शून्ये, सुमारे 168 डेसिबल. कमरेला ढोल बांधून वाजवणाऱ्याने त्याच वेळी मिरवणुकीच्या टोकाची कुजबुज टिपावी, तसे हे काम. एकाच अँटेनावर बोलणे आणि ऐकणे वेगळे ठेवणाऱ्या ड्युप्लेक्सरच्या पोकळ्या ढोलाच्या आवाजाचा मोठा भाग अडवतात. उरलेला भार ट्रान्समीटरच्या स्वच्छतेवर आणि रिसीव्हरच्या निवडकपणावर पडतो. हॅम मोबाइलचा रिसीव्हर मात्र पुढच्या टप्प्यात मुद्दाम रुंद ठेवलेला, सगळीकडचे ऐकण्यासाठी. परिणाम म्हणजे रिपीटर बोलू लागला की बहिरा होतो.

त्यात उष्णतेची भर. मोबाइल संच अर्धा मिनिट बोलून थंड होण्यासाठी बनवलेला असतो. गजबजलेल्या कंपनीचा रिपीटर तासन्‌तास बोलतो. 50 वॅटचा संच 15 वॅटवर उतरवून पंखा लावला तर तगेल, पण मग व्याप्तीही घटते.

‘आणीबाणीत सगळे चालते’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा. जीवितास तत्काळ धोका असेल आणि नेहमीची साधने उपलब्ध नसतील, तर हौशी स्थानकाने हाताशी असलेले कोणतेही साधन वापरण्याच्या आड भाग ९७ येत नाही. ही त्या घडीपुरती सवलत आहे. तिच्या भरवशावर रोजचा रिपीटर उभारता येत नाही.

आपल्याकडेही दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा हौशी परवाना परीक्षा घेऊनच देते, तर कंपनीला स्वतःची वारंवारिता आणि प्रकार-मंजुरी असलेला संच लागतो. 2018 पासून 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा कमी शक्तीच्या वॉकी-टॉकींसाठी परवानामुक्त आहे. वारंवारिता आणि मंजुरीचा तपशील न देता वॉकी-टॉकी विकल्याबद्दल मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना 13 नोटिसा पाठवल्या.

उलटी वाट मात्र मोकळी आहे. अमेरिकेत जीई कंपनीचे ‘मास्टर टू’सारखे जुने व्यावसायिक संच हॅम भंगाराच्या भावात घेतात, आपल्या पट्ट्यावर आणतात आणि डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षे चालवतात. कठीण परीक्षा पास झालेले यंत्र सोप्या कामाला कधीही लावता येते. म्हणून कंपनीला काटकसर करायची असेल, तर तिनेही वापरलेला पण प्रमाणित संच शोधावा.

पुढच्या भागात : ड्युप्लेक्सरच्या पोकळ्या कशा जुळवतात?