तबकडीवरील गाणें जसेंच्या तसें

मातोश्रींच्या भूपाळ्या वीस वर्षांपूर्वीं आम्हीं घरींच एका सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या. गेल्या दिवाळींत चिरंजीवांनीं संगणकासोबत आलेल्या एका प्रोग्रामनें त्या तबकडीची प्रत दहा मिनिटांत काढून दिली. प्रोग्रामनें तक्रार कसलीच केली नाहीं. पुढें निवांतपणें ऐकतों तों तिसऱ्या भूपाळींत दोन ठिकाणीं ‘टक्’ असा आवाज, आणि सर्व गाणें एमपीथ्रींत आवळलेलें! जागा वांचविण्यासाठीं एमपीथ्रींत ध्वनीचा कांहीं अंश टाकून दिला जातो. मागाहून तिची वेव्ह फाईल केली तरी तो अंश परत येत नाहीं. सुदैवानें मूळ तबकडी कोणीं फेंकून दिली नव्हती.

प्रोग्राम फुकट कीं विकतचा, सुबक कीं ओबडधोबड, हे विचार माझ्या मतें दुय्यम होत. वाचतांना चूक झाली तर तो ती कबूल करतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. याचें कारण असें : सीडीवर दोन्ही कानांचा ध्वनि निरनिराळा, सेकंदास ४४,१०० वेळां मोजून, १६ बिटांच्या आंकड्यांत मांडलेला असतो. माहितीच्या सीडीवर चूक सुधारण्याची जी जादा सोय असते, ती गाण्याच्या सीडीवर नसते. ओरखडा मोठा असला म्हणजे यंत्र न वाचतां आलेले आंकडे शेजारच्या आंकड्यांवरून अदमासानें भरून मोकळें होतें. गाणें वाजतें, परंतु तें मूळचें नव्हे.

विंडोजवरील ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा विनामूल्य प्रोग्राम आंद्रे वीटहॉफ या जर्मन गृहस्थांनीं १९९८ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. तो प्रत्येक तुकडा निदान दोनदां वाचतो, मेळ न बसल्यास पुनःपुन्हा वाचतो, आणि अखेर संशयाच्या जागा अहवालांत लिहून देतो. विकतच्या सीडीची प्रत इतरांच्या प्रतींशीं ताडून पाहण्याचीहि सोय त्यांत आहे. घरगुती तबकडीस अर्थातच तिचा उपयोग नाहीं. तेथें चांचणी व नक्कल अशीं दोन वाचनें करवून दोहोंचे तपासणी-आंकडे जुळतात कीं नाहीं तें पाहावें. मॅकवर ‘एक्सएलडी’ व लिनक्सवर ‘सीडीपॅरानोइया’ हीं याच जातीचीं.

कापाकापीसाठीं ‘ऑडॅसिटी’ पुरे. मात्र ज्या गाण्यास हात लावावयाचा नाहीं, तें त्यांतून नेऊंच नये. बाहेर काढतांना तो आंकड्यांत सूक्ष्म फरक करूं शकतो. सीडीवरील सर्वांत लहान खंड सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग असतो. कापणी त्याच मापावर करावी, नाहींतर सांध्यावर खट्ट वाजतें.

ऑडॅसिटी तबकडी लिहीत नाहीं. त्यासाठीं विंडोजवर ‘सीडीबर्नरएक्सपी’ किंवा लिनक्सवर ‘के-थ्री-बी’ घ्यावा, आणि ‘डिस्क ॲट वन्स’ हा पर्याय निवडून मधल्या विरामाचे दोन सेकंद शून्य करावे. विलंबित ख्याल द्रुतांत शिरत असतांना मध्यें दोन सेकंद शांतता पडली, तर रसिकानें काय करावें!

भूपाळ्यांची तबकडी पुसून, शेजाऱ्यांच्या जुन्या यंत्रांत घालून आम्हीं पुन्हा वाचविली. पाऊण तास लागला. आंकडे जुळले, फक्त शेवटच्या भूपाळींत एक जागा अहवालानें संशयित म्हणून नोंदली आहे.