एक बारीकशी शंका होती, साहेब

खून कोणी केला हे पहिल्या वीसेक मिनिटांत आपल्यासमोरच घडतं. कोणी, कसा, कशासाठी, सगळं दिसतं. खुनी बहुधा पैसेवाला, हुशार आणि समाजात वजन असलेला: कुठे सर्जन, कुठे वकील, कुठे नावाजलेला लेखक. मग त्याच्या आलिशान घराच्या दारात एक बुटकासा पोलिस अधिकारी उभा राहतो. अंगात चुरगळलेला रेनकोट, तोंडात स्वस्तातला सिगार आणि खिसे चाचपूनही न सापडणारी पेन्सिल. हा गबाळा माणूस त्या बड्या धेंडापर्यंत पोचतो कसा, एवढंच पुढे पाहायचं असतं. ही अमेरिकन मालिका म्हणजे ‘कोलंबो’ आणि तो रेनकोटवाला म्हणजे पीटर फॉक.

मी राज्य सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले. नगरपालिकांची दप्तरं तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे ही मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हसलेच. आमच्याकडेही पैसे कोणी खाल्लेत हे बहुतेक वेळा कार्यालयातल्या शिपायालासुद्धा ठाऊक असतं. खरं काम असतं ते कागदावर आणण्याचं. त्यासाठी समोरच्या साहेबाला न दुखवता, चहा नाकारत किंवा घेत, मूर्खासारखे वाटणारे प्रश्न विचारावे लागतात. पीटर फॉक हे इतकं अस्सल करतो, की याने कधीतरी सरकारी टेबलावर काम केलं असावं असं मला वाटत राहिलं. चौकशी केली, तर खरंच केलेलं निघालं!

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७चा, न्यूयॉर्क शहरातला. तिसऱ्या वर्षी डोळ्याच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा आला. पोरगा मात्र बिनधास्त. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने चुकीचं बाद दिलं म्हणून त्याने तो डोळा काढून पंचाच्या हातात ठेवला, ‘तुम्हालाच याची गरज आहे’ अशा थाटात. सैन्यदलांनी अर्थातच घेतलं नाही, म्हणून तो व्यापारी जहाजावर स्वयंपाकी झाला. पुढे शिकला, १९५३मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्डला, कामकाजाची कार्यक्षमता तपासणारा अधिकारी म्हणून रुजू झाला. पहिल्याच दिवशी आपल्याला कचेरीची इमारत सापडली नाही, असं तो नंतर स्वतःच सांगायचा.

नोकरी चालू, पण जीव नाटकात. वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलियेन या थोर अभिनेत्रीचा वर्ग भरायचा, फक्त व्यावसायिक नटांसाठी. फॉक थाप मारून आत शिरला. हार्टफर्डहून गाडी हाकत यायचं, त्यामुळे कायम उशीर. एकदा बाईंनी विचारलं, ‘तुम्ही नेहमी उशिरा का येता?’ ‘हार्टफर्डहून येतो.’ ‘हार्टफर्डला करता काय? तिथे नाटकाचं काम कुठलं मिळणार?’ मग त्याने कबूल केलं, की आपण नट नाहीच. बाई म्हणाल्या, ‘मग व्हायला हवं.’ वय तिशीला टेकलेलं, पक्की सरकारी नोकरी. आपल्याकडे घरच्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्याने राजीनामा दिला.

कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन याने त्याला एका डोळ्यापायी नाकारलं. तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो, हा त्याचा हिशेब. काहीच वर्षांत, १९६० आणि १९६१च्या चित्रपटांसाठी, फॉकला लागोपाठ दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालं.

कोलंबो हे पात्र रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाचं. दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधल्या पोर्फिरी पेत्रोविचवरून त्यांना ते सुचलं. फॉकआधी इतरांनी ते केलं होतं. या पात्रावरच्या १९६८च्या टीव्ही चित्रपटासाठीही लेखकांना वयस्कर नट हवा होता, बिंग क्रॉस्बीलाही विचारलं होतं. तो नको म्हणाला आणि चाळिशीचा फॉक आला. कोलंबो दारापर्यंत जातो, खुनी सुटकेचा श्वास टाकतो आणि हा वळून म्हणतो, ‘अजून एक बारीकशी शंका होती, साहेब.’ ही लकब जन्मली आळसातून! कोलंबोवरचं मूळ नाटक लिहिताना एक प्रवेश तोकडा पडला. कोलंबो आधीच बाहेर पडलेला, सगळं परत टाइप करायचा दोघा लेखकांना कंटाळा. म्हणून त्यांनी त्याला दारातून परत बोलावलं.

रेनकोट मात्र फॉकचा स्वतःचा. न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडला तेव्हा घेतलेला. जुनी प्युजो ४०३ गाडीही त्यानेच स्टुडिओच्या आवारातून निवडली. चित्रण चालू असताना तो संहितेत नसलेलं काहीतरी मध्येच काढायचा, खिसे उलटेपालटे करायचा, समोरच्याकडे पेन्सिल मागायचा. समोरचा नट खरोखर वैतागायचा आणि तो वैताग पडद्यावर खुन्याच्या चेहऱ्यावर दिसायचा.

नियमित मालिकेचा पहिला भाग, ‘मर्डर बाय द बुक’, १५ सप्टेंबर १९७१ला दाखवला गेला. दिग्दर्शक होता पंचविशीही न गाठलेला स्टीव्हन स्पीलबर्ग. गोष्ट अशी: दोघे मिळून रहस्यकथा लिहिणारे भागीदार. एक दुसऱ्याला मारतो. मग त्याच्याच घरासमोरच्या हिरवळीवर भागीदाराचं प्रेत सापडतं. पोलिसांना कळवून झाल्यावर हा बसून आलेलं टपाल फोडतो. कोलंबोच्या मनात तेवढंच अडकतं: मित्र बाहेर मरून पडलाय आणि माणूस बिलं वाचतोय? शिवाय त्याआधी, भागीदाराचं काही बरंवाईट झाल्याचं बाहेरगावी कळल्यावर, विमान सोडून गाडीने का आला? यातला एकही पुरावा न्यायालयात टिकणार नाही. पण आमच्या भाषेत सांगायचं तर आक्षेप लागला, आता तो वसूल होईपर्यंत सुटत नाही.

आधी एनबीसी आणि १९८९पासून एबीसी या वाहिन्यांवर मिळून ६९ भाग झाले, शेवटचा २००३मध्ये. या भूमिकेने फॉकला चार एमी पुरस्कार दिले. मालिकेचा पैसा मिळवत असताना दिग्दर्शक मित्र जॉन कॅसाव्हेटीसच्या ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुएन्स’ या १९७४च्या चित्रपटात त्याने पदरचे पैसे घातले, कामही केलं. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश झाला आणि २३ जून २०११ला, ८३व्या वर्षी, तो बेव्हर्ली हिल्सला वारला. बुडापेस्टच्या रस्त्यावर कोलंबोचा आणि त्याच्या कुत्र्याचा पुतळा आहे.

आपल्याकडच्या मालिकांत तपास म्हणजे दार तोडणं आणि कानाखाली आवाज काढणं, अशी सवय झाली आहे. कोलंबो पिस्तूल काढत नाही, ओरडत नाही. तो माणसाला बोलू देतो आणि ऐकतो. पाहायचं असेल तर ‘मर्डर बाय द बुक’पासून सुरुवात करा. खुनी शोधायची घाई नको, तो आधीच माहीत आहे. समोरचा बोलत असताना फॉक काय करतो, ते बघा.