म्हाताऱ्या राखणदाराची लस

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या आसपास, उसाच्या फडांतून विखुरलेल्या वस्त्यांवर, कुत्रा हा हौसेचा विषय नसून बंदोबस्ताचा भाग असतो. बिबट्याची चाहूल प्रथम त्यालाच लागते आणि पुष्कळदा बिबट्याची पहिली झडपही त्याच्यावरच पडते. अशा कुत्र्याने दहा-बारा पावसाळे काढले, त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आणि गोठ्याच्या कडेची उन्हाची जागा सोडून तो उठेनासा झाला, की घरात एक निकाल विनाचर्चा लागतो : “आता म्हातारा झालाय, त्याला कशाला सुई टोचायची?” हा निकाल दयेपोटी दिलेला असतो खरा, पण शरीरशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही.

वार्धक्यात प्रतिकारशक्ती नाहीशी होत नाही, तिचे स्वरूप पालटते. छातीतील थायमस ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसू लागते, त्यामुळे अपरिचित जंतूंशी झुंजणाऱ्या नव्या पेशींची भरती उत्तरोत्तर रोडावते. मात्र ज्या जंतूंची ओळख पूर्वी पटली आहे त्यांची स्मृती बाळगणाऱ्या पेशी दीर्घकाळ टिकून राहतात. कचेरीतला जुना कारकून मुरलेल्या प्रकरणाचे दप्तर डोळे मिटून काढून देतो, परंतु नव्या कायद्याखालचा अर्ज आला की अडखळतो, तसाच हा प्रकार. म्हणूनच लहानपणापासून रीतसर लसीकरण झालेला वृद्ध कुत्रा पुढील मात्रेला सहसा उत्तम प्रतिसाद देतो. ज्याला जन्मात लस मिळालीच नाही, त्याची सुरुवात उशिरा का होईना, पण करणेच इष्ट.

सर्व लशींची मुदत मात्र सारखी नसते. डिस्टेंपर, पार्वो आणि संसर्गजन्य यकृतदाह यांच्या जिवंत विषाणूंपासून केलेल्या लशींचे संरक्षण, बालपणीच्या मात्रा पूर्ण झाल्या असल्यास, कित्येक वर्षे टिकते. प्रौढ कुत्र्याला त्या तीन वर्षांहून लवकर देऊ नयेत, असाच जागतिक पशुवैद्यकाचा आजचा कौल आहे. लेप्टोस्पायराची गोष्ट निराळी. उंदरांच्या मूत्रावाटे हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो, आणि उसाच्या पाटाच्या पाण्याला तोंड लावणाऱ्या कुत्र्याला तो गाठतो. या लशीचे संरक्षण जेमतेम वर्षभर पुरते, सबब पावसाळ्यापूर्वी ती दरसाल घेणे शहाणपणाचे. रेबीजची लस तर आपल्याकडे दरवर्षी देण्याचाच प्रघात आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर ज्या रोगावर इलाज नाही त्याच्या बाबतीत हा प्रघात मोडण्याचे काहीच कारण नाही.

सुई टोचण्यापूर्वी तपासणी हवी. वजन घटले आहे काय, दात किडले आहेत काय, गोचिडांच्या तापाने हिरड्या फिकुटल्या आहेत काय, तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान आहे काय, हे पाहून, ताप असेल तर लस काही दिवस पुढे ढकलावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना, आटोक्यात असलेला विकार हे लस कायमची टाळण्याचे निमित्त होऊ शकत नाही. परंतु खाजेवर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण त्या प्रतिकारशक्तीला दडपतात. वय झाले म्हणून अर्धी मात्रा देणेही व्यर्थच. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते, म्हणून ती दुकानातून उन्हातान्हात मोटारसायकलवर आणण्यापेक्षा कुत्र्यालाच दवाखान्यात न्यावे, आणि टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. तोंड सुजले किंवा उलट्या सुरू झाल्या तर इलाज हाताशी असतो.

एवढ्यावर खबरदारी संपत नाही. लस घेतलेल्या कुत्र्यालाही पिसाळलेला प्राणी चावला तर जादा मात्रा ताबडतोब द्यावी लागते; आणि माणसाला चावा बसल्यास जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. म्हातारा कुत्रा सारा दिवस अंगणात पोराबाळांत पडून असतो, त्यामुळे त्याच्या लसीचा हिशेब घरातल्या माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे. सुईत सवलत द्यायचीच, तर ती पशुवैद्याने तपासून द्यावी. कुत्र्याच्या वयाने परस्पर देऊ नये.