कँटनी शेवया आणि पाण्याचा हिशेब

दक्षिण चीनमधील ग्वांगझौ शहरात आणि जवळच्या हाँगकाँगमध्ये तांदळाच्या रुंद शेवया व गोमांसाचे पातळ काप एकत्र परतून केलेला एक पदार्थ घरांतून व लहानमोठ्या उपाहारगृहांतून नित्य केला जातो. ग्वांगझौला युरोपीय लोक पूर्वी कँटन म्हणत. त्यावरून तेथील बोलीला आणि पाकपद्धतीला कँटनी हे नाव पडले. या बोलीत पदार्थाचे नाव आहे 'गोन चाऊ न्गाऊ हो'. 'गोन' म्हणजे कोरडे, 'चाऊ' म्हणजे परतणे, 'न्गाऊ' म्हणजे गाय-बैल, अर्थात येथे त्यांचे मांस, आणि 'हो' हे 'हो फन' या शेवयांचे संक्षिप्त नाव. आज ग्वांगझौ शहरात सामावलेल्या सा हो या जुन्या वस्तीवरून शेवयांना ते मिळाले आहे.

या नावातील पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा होय. याच साहित्याचा दाट रसाचा दुसरा प्रकारही प्रचलित आहे. त्याच्या नावात 'गोन'ऐवजी ओले या अर्थाचा 'सप' हा शब्द येतो. परंतु 'गोन' प्रकारात ताटलीत रसाचा थेंबही साचता कामा नये. शेवया सुट्या, तांबूस रंगाच्या व किंचित खरपूस असाव्यात, मांस मऊ असावे, मुगाचे मोड करकरीत राहावेत आणि हे सर्व चार-सहा मिनिटांत साधावे, अशी अपेक्षा असते.

घरी प्रथमच हा पदार्थ करणाऱ्याला मात्र बहुधा निराळाच अनुभव येतो. कढईत चर्र असा आवाज होतो न होतो तोच तो मंदावतो. तळाशी पाणी जमते. मांस करडे व चिवट होते. शेवयांचा लगदा होतो. कृती पुस्तकाबरहुकूम केलेली असते, साहित्यही चांगले असते. मग चुकते काय? या प्रश्नाचे उत्तर पाकशास्त्रापेक्षा उष्णतेच्या शास्त्रात अधिक सापडते.

पाणी आणि उष्णता

कच्च्या मांसाच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग पाणी असते. मुगाच्या मोडांत ते नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. ताज्या शेवयाही ओलसरच असतात. म्हणजे कोरडा पदार्थ करावयाचा तो जवळजवळ सर्वस्वी ओल्या वस्तूंपासून.

पाण्याचा एक गुणधर्म येथे आडवा येतो. एक किलोग्रॅम पाणी २० अंश सेंटिग्रेडपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. परंतु उकळत्या अवस्थेतील त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ सातपट उष्णता खर्ची पडते. या उष्णतेने तापमान वाढत नाही. ती केवळ अवस्थांतरात लुप्त होते. म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. भांड्याच्या तळाशी पाणी साचून राहिले, की तेथील अन्नाचे तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. आता परतण्याची क्रिया संपलेली असते आणि शिजविण्याची सुरू झालेली असते.

याचा हिशेब मांडून पाहता येतो. दीड किलोग्रॅम वजनाची लोखंडी कढई २५० अंशांपर्यंत तापविली आहे असे समजा. ती १०० अंशांपर्यंत निवेपर्यंत तिच्यातून सुमारे १०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडेल. तिच्यात २०० ग्रॅम मांस एकदम टाकले आणि त्यातून ४० ग्रॅम पाणी सुटले, तर मांस तापविण्यास सुमारे ३५ व पाण्याची वाफ करण्यास सुमारे ९०, असे एकूण १२५ किलोज्यूल लागतील. साठवलेली उष्णता अपुरी पडते. उरलेली उष्णता शेगडीने पुरवावयाची. पण तेवढ्या वेळात मांस आपल्याच पाण्यात उकळून निघते.

आता निम्मेच, म्हणजे १०० ग्रॅम मांस टाकले असे धरा. गरज ६२ किलोज्यूलांच्या आसपास येते. कढई निवते खरी, पण सुमारे १६० अंशांवर थांबते आणि आवाज चालू राहतो. साहित्य तेच, शेगडी तीच. केवळ एका घाणाचे दोन घाण केल्याने फळ बदलले.

उपाहारगृहातील आचाऱ्याला ही काटकसर करावी लागत नाही. त्याच्या शेगडीची ज्योत घरगुती शेगडीपेक्षा कित्येक पटींनी प्रखर असते. घरगुती शेगडीतून भांड्यात प्रत्यक्ष शिरणारी उष्णता एक किलोवॉट धरली, तर तिच्यामुळे मिनिटाला सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ होऊ शकते. त्याहून अधिक पाणी सुटले की ते साचणारच. तेव्हा घरी ज्योत वाढविता येत नसेल, तर पाणी कमी केले पाहिजे. घरगुती कृतीतील प्रत्येक युक्तीच्या मुळाशी हेच एक तत्त्व आहे.

शेवयांचे पिष्ट

हो फन करण्यासाठी तांदूळ भिजवून वाटतात, पातळ पीठ सपाट ताटात ओतून वाफवितात आणि तयार झालेल्या पापुद्र्याला तेलाचा हात लावून त्याच्या रुंद पट्ट्या कापतात. वाफेच्या उष्णतेने तांदळातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची एकजीव लुसलुशीत जाळी तयार होते.

ही जाळी थंड होताच बदलू लागते. पिष्टाचे रेणू, विशेषतः अमायलोज या घटकाचे लांब सरळ रेणू, पुन्हा एकमेकांलगत रचले जातात आणि पदार्थ ताठर होतो. शिळा भात कडक व मोकळा होतो तो याच कारणाने. शीतकपाटात ही क्रिया अधिक वेगाने घडते. म्हणून तेथून काढलेल्या शेवया तशाच परतल्या तर तुटतात. त्यांना थोडा वेळ वाफ देऊन मऊ करावे आणि कोमट असतानाच बोटांनी एकेक पट्टी सुटी करावी. त्या पाण्याने धुऊ नयेत, कारण पृष्ठभागावरचे पाणी कढईत जाणार असते. सुक्या शेवया वापरावयाच्या असल्यास त्या पाण्यात भिजवून वाकतील इतपतच मऊ कराव्यात, चांगल्या निथळाव्यात आणि कापडावर पसरून कोरड्या कराव्यात.

मांसाची तयारी

मांस म्हणजे स्नायुतंतूंच्या जुड्या होत. हे तंतू लांब राहिले तर घास चिवट लागतो. म्हणून तंतूंची दिशा पाहून सुरी त्यांना आडवी चालवितात. तीन मिलिमीटर जाडीचा काप केला, की कोणताही तंतू त्याहून फारसा लांब उरत नाही. दातांचे काम सुरीने आधीच केलेले असते. मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ते घट्ट होते व पातळ कापता येते. पातळ कापात उष्णता क्षणात आतवर पोहोचते, हा दुसरा लाभ.

मांस तापू लागले, की त्यातील प्रथिनांची रचना बदलते. सुमारे ५० अंशांपासून मायोसिन हे प्रथिन गोठू लागते. पुढे ६० ते ७० अंशांच्या दरम्यान तंतूंभोवतीचे वेष्टण आकसते, इतर प्रथिनेही गोठतात आणि पिळलेल्या कापडातून निघावे तसे पाणी बाहेर पडते. कँटनी स्वयंपाकात यावर दोन उपाय करतात. मांसाला चिमूटभर खाण्याचा सोडा चोळतात. त्याच्या अल्कधर्मामुळे प्रथिने पाणी अधिक घट्ट धरून ठेवतात. त्यानंतर सोया सॉस, थोडे कॉर्नफ्लोअर व तेल लावतात. कॉर्नफ्लोअरचा लेप उष्णतेने फुगून कापाभोवती पातळ आवरण बनवितो आणि सुटलेला रस धरून ठेवतो. सोडा मात्र अत्यल्प हवा. अधिक झाल्यास मांस बुळबुळीत होते आणि साबणासारखी चव येते.

रंग, चव आणि सुगंध

परतलेल्या पदार्थाचा खमंगपणा मुख्यतः एका रासायनिक क्रियेतून येतो. प्रथिनांतील ॲमिनो अम्ले व काही शर्करा यांच्या संयोगाने तपकिरी रंगाची व सुगंधी द्रव्ये निर्माण होतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेलार यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. या गुंतागुंतीच्या क्रियेचे टप्पे अमेरिकन रसायनज्ञ जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये मांडले. स्वयंपाकात ही क्रिया सुमारे १४० अंशांच्या वर वेगाने चालते. पाणी उकळते १०० अंशांवर. तेव्हा पाणी साचलेल्या कढईत खमंगपणा का येत नाही, हे निराळे सांगावयास नको.

चवीचा दुसरा आधार सोया सॉस. सोयाबीन व गहू यांवर विशिष्ट बुरशी वाढवून, नंतर ते मिठाच्या पाण्यात दीर्घकाळ आंबवून तो करतात. या काळात प्रथिनांचे विघटन होऊन ग्लुटामेट मोकळे होते. ग्लुटामेटमुळे जाणवणारी चव ही खारट, गोड, आंबट व कडू यांहून वेगळी आहे, असे जपानी रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये दाखविले. या पदार्थात दोन प्रकारचे सोया सॉस घालतात: फिकट रंगाचा चवीसाठी आणि गडद रंगाचा वर्णासाठी.

तिसरी गोष्ट म्हणजे कँटनी खवय्ये ज्याला 'वोक हेइ' म्हणतात तो सुगंध. 'वोक' म्हणजे गोल बुडाची कढई व 'हेइ' म्हणजे श्वास. प्रखर आचेवर तापलेले लोखंड, वाफ, करपण्याच्या सीमेवरचे तेल आणि उडविताना ज्योतीत क्षणभर पेटणारे तेलाचे सूक्ष्म थेंब या सर्वांचा तो परिणाम होय. अन्न उडविण्याचे कामही लहान नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हंगतांग को व डेव्हिड हू यांनी २०२० मध्ये परतलेल्या भाताविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले, की आचारी कढई पुढेमागे सरकवितो आणि त्याच वेळी शेगडीच्या काठावर तिला झोकाही देतो. ही हालचाल सेकंदाला सुमारे तीन वेळा होते. अन्न हवेत असताना करपण्यापासून वाचते आणि त्यातील वाफही निसटते. घरी मात्र तेल पेटविण्याचा प्रयोग करू नये. उलथन्याने तळापासून उचलून पसरविणे पुरेसे आहे.

घरची कृती

दोघांसाठी ताज्या शेवया ४०० ग्रॅम, मांस २०० ग्रॅम, मुगाचे लांब मोड १०० ग्रॅम, कांद्याच्या पातीच्या तीन-चार काड्या व एक लहान कांदा घ्यावा. मांसाला दोन चिमटी सोडा, दोन लहान चमचे सोया सॉस, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर व तितकेच तेल लावून वीस मिनिटे ठेवावे. फिकट सोया सॉस एक मोठा चमचा, गडद सोया सॉस दोन लहान चमचे व साखर अर्धा लहान चमचा वाटीत कालवून हाताशी ठेवावी. मोड धुतले असल्यास पूर्ण निथळून पुसावेत. आच लावल्यानंतर चिरण्यास वा शोधण्यास वेळ नसतो.

कढई लोखंडी किंवा बिडाची असावी. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे इतके तापविणे योग्य नव्हे. अतिउष्णतेने तो लेप बिघडतो. रिकामी कढई मोठ्या आचेवर तापवून तीत पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो चुरचुरून आटला तर कढई अजून पुरती तापलेली नाही. तो गोळी होऊन पाऱ्यासारखा पळू लागला तर ती तापली. थेंबाखाली वाफेचा पातळ थर निर्माण झाल्याने तो अधांतरी राहतो. जर्मन वैद्य योहान गोटलोब लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचे वर्णन केले आहे.

थेंब उडून गेल्यावर तेल घालून कढईभर फिरवावे व धुराची पहिली रेष दिसताच निम्मे मांस एका थरात पसरावे. अर्धा मिनिट हलवू नये. मग उलटून, गुलाबी छटा जाताच काढून घ्यावे. कढई पुन्हा तापू द्यावी व उरलेले मांस तसेच करावे. त्यानंतर कांदा व मोड केवळ अर्धा मिनिट परतून बाजूला काढावेत. पुन्हा कढई तापवून, थोडे तेल घालून शेवया पसराव्यात, मिनिटभर खरपूस होऊ द्याव्यात आणि कालवलेला सॉस कडेने ओतावा. कडेच्या तप्त लोखंडावर त्यातील पाणी तत्काळ उडते व सुगंध सुटतो. शेवटी मांस, मोड व पात घालून हलक्या हाताने मिसळावे आणि लगेच वाढावे.

भारतातील अनेक राज्यांत गोवंशाच्या हत्येला कायद्याने बंदी आहे. काहींच्या धर्मात वा आहारात गोमांस वर्ज्य आहे. वरील सर्व विवेचन म्हशीच्या अगर कोंबडीच्या मांसालाही लागू पडते. कोंबडी मात्र आतपर्यंत पूर्ण शिजली पाहिजे. कच्च्या मांसाची पाटी व सुरी स्वच्छ धुतल्याविना अन्य साहित्यास लावू नये.

कँटनी आचाऱ्याचे कौशल्य जोखण्यासाठी हा साधा पदार्थ कसोटीचा मानला जातो. शेवया तुटलेल्या नसाव्यात, रंग सर्वत्र सारखा असावा आणि खाऊन झाल्यावर ताटलीत तेलाचे वा रसाचे तळे नसावे. घरच्या मंद शेगडीवरही ही कसोटी उतरू शकते. त्यासाठी आच वाढवावी लागत नाही. प्रत्येक घाणात किती पाणी जात आहे एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.