‘आयुष्यभराचे’ गिअर ऑइल

गेल्या चातुर्मासानंतर मुनिसंघाचा विहार सोलापूरहून कुंथलगिरीकडे निघाला, तेव्हा बार्शीचे आमचे व्याही आपली सात आसनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आठ-नऊ दिवस संघाच्या मागे होते. सकाळच्या धुक्यात पायी चालणाऱ्या त्यागींच्या मागे दिवे लावून, पाठीमागून येणाऱ्या ट्रकना सावध करीत गाडी हळूहळू नेणे ही सेवा आपल्या अनेक घरांतून निष्ठेने होते. त्या दिवसांत गाडी फार तर सव्वाशे किलोमीटर चालली असेल. मात्र तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स रोज तीन-चार तास माणसाच्या चालीने काम करीत होते.

महिनाभराने जयसिंगपूरच्या लग्नाला जाताना गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना धक्का देऊ लागली. परतीच्या दिवशी रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच घडेना, आणि मग एकदम हिसका बसून गाडी मागे सरके. गॅरेजमधून अंदाजपत्रक आले ते एक लाख सत्तर हजारांचे. व्याह्यांचा फोन आला. “अहो, दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग केलं, एकही चुकवलं नाही. मग हे कसं झालं?”

मी त्यांना बिलांची फाइल पाठवायला सांगितली. कागद तपासल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही बँकेतली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. एक लाख बारा हजार किलोमीटरच्या प्रवासात इंजिन ऑइल अकरा वेळा बदललेले होते. एसीची जाळी, ब्रेकचे ऑइल, कूलंट, सगळ्याची नोंद होती. गिअरबॉक्सच्या ऑइलची नोंद मात्र एकदाही नव्हती. ऐंशी हजारांच्या सर्व्हिसिंगला त्यांनी विचारलेही होते. काउंटरवरील मुलाने उत्तर दिले, “काका, ते सील्ड आहे, लाइफटाइम आहे. हात लावायचा नसतो.”

या ‘लाइफटाइम’ शब्दासाठीच हा लेख लिहावासा वाटला. कर्जाच्या करारात ‘आजीवन’ असा शब्द आला, की आम्ही प्रथम व्याख्यांचे कलम उघडत असू. आयुष्य कोणाचे? कर्जदाराचे, तारण ठेवलेल्या यंत्राचे की योजनेचे? गाडीच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे. कारखानदाराच्या मनातील आयुष्य बहुधा पहिल्या मालकाचे, हमीची मुदत आणि त्यानंतरची काही वर्षे एवढेच असते. आपल्या घरांत गाडी बारा-पंधरा वर्षे चालते. वडिलांकडून मुलाकडे आणि पुढे दुकानाच्या कामाला जाते. ते आयुष्य त्या शब्दात गृहीत धरलेले नसते. आणि गिअरबॉक्स ज्या दिवशी निकामी होतो, त्या दिवशी त्यातील ऑइलचे आयुष्यही संपतेच. त्या अर्थाने प्रत्येक ऑइल ‘आयुष्यभराचे’च म्हणावे लागेल.

मुळात हे ऑइल काय करते? साध्या, हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत गिअरबॉक्समधील तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत त्याच्यावर चार जबाबदाऱ्या असतात. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते ती या तेलाच्या प्रवाहातूनच. एका पंख्याने फेकलेले तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. दुसरे म्हणजे, गिअर बदलण्यासाठी आतील क्लच प्लेटा दाबल्या जातात त्याही याच तेलाच्या दाबाने. शिवाय चाकांना वंगण देणे आणि उष्णता बाहेर नेणे हेही त्याचेच काम. यातली नाजूक गोष्ट अशी, की क्लच प्लेटांना नेमके हवे तेवढेच घर्षण मिळावे, कमीही नाही आणि जास्तही नाही, यासाठी त्यात विशिष्ट रसायने मिसळलेली असतात. तेल दिसायला शिल्लक असले, तरी ही रसायने झिजत जातात. धक्के सुरू होतात ते तेथून.

झिजवणारा मुख्य शत्रू म्हणजे उष्णता. तेलाचे तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा वंगणशास्त्रातील ठोकताळा आहे. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आतून जोडला जातो, मग तेलाचे घुसळणे जवळजवळ थांबते. चालण्याच्या वेगात मात्र तो जोडला जात नाही. दोन पंख्यांमधील तेल सतत घुसळत राहते, तापत राहते आणि समोरून वाराही लागत नाही. म्हणून विहारातील सव्वाशे किलोमीटर हे मीटरवर सव्वाशे दिसतात, पण तेलाच्या हिशेबी कितीतरी अधिक असतात. भुसार पेठेतील सकाळ, लक्ष्मी रस्त्यावरील दिवाळीची संध्याकाळ, सात माणसे आणि छतावर सामान घेऊन चढलेला घाट यांचाही हिशेब तसाच.

याची दखल कारखानदारांनी घेतलेली असते, पण ती बारीक अक्षरांत. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसह पडून असते. अनेक पुस्तिकांत देखभालीची दोन वेळापत्रके सापडतील. एक नेहमीच्या वापराचे आणि दुसरे खडतर वापराचे. खडतर म्हणजे काय, तर उष्ण हवा, धूळ, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, कमी अंतराच्या फेऱ्या, डोंगराळ रस्ते, जास्त भार. ही यादी वाचून मला हसू आले. आपल्याकडील कोणती गाडी यातून सुटेल? सोलापूरचा उन्हाळा एकटाच पुरेसा आहे. तेव्हा आपण दुसरेच वेळापत्रक आपले मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी ‘झेडएफ’ ही जर्मन कंपनी आहे. ज्या गाड्यांचे कारखानदार ऑइलला आयुष्यभराचे म्हणत आले, त्यांतील गिअरबॉक्ससाठी ही कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षे, यांतील जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलण्याची शिफारस करते. गिअरबॉक्स बनवणारा एक सांगतो आणि गाडी विकणारा दुसरे. अशा वेळी मी बनवणाऱ्यावर विश्वास ठेवीन. हे आकडे युरोपच्या थंड हवेतील आहेत हेही ध्यानात घेतले, तर आपल्याकडे टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे ही मर्यादा मला रास्त वाटते. पुस्तिकेत याहून कमी अंतर दिले असेल, तर अर्थातच तेच पाळावे.

मात्र ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आज चार निरनिराळी यंत्रे विकली जातात. सीव्हीटीमध्ये गिअरच नसतात. दोन कप्प्यांच्या मध्ये पोलादी पट्टा किंवा साखळी दाबून धरलेली असते आणि ती घसरू नये हे काम तेलाचे. तिला स्वतंत्र प्रकारचेच ऑइल लागते, आणि मी ते चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान बदलून घेईन. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. ते तेलात बुडालेले असतील तर ऑइल बदलणे अनिवार्य. फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या अशा प्रसिद्ध गिअरबॉक्सला 60,000 किलोमीटरचा नियमच आहे. क्लच कोरडे असतील तर गोष्ट वेगळी. आणि 2014 साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी ही मुळात हाताच्या गिअरचीच गाडी. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. तिच्यात साधे गिअर ऑइल असते. आपली गाडी यांतील कोणती, हे आधी पाहावे.

ऑइल कोणते घालायचे याबाबत तडजोड नको. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे लिहिलेला डबा पाचशे रुपयांनी स्वस्त मिळतो, पण पुस्तिकेत जी सांकेतिक नावे दिलेली असतात, टोयोटाचे ‘डब्ल्यूएस’ किंवा ह्युंदाईचे ‘एसपी-4’, तेच नाव बिलावर छापून घ्यावे. सीव्हीटीमध्ये भलते ऑइल घातल्यास पट्टा घसरून आतील भाग ओरखडले जातात, आणि मग दुरुस्ती हा शब्दही उरत नाही.

या ऑइलच्या इतिहासातील एक गोष्ट आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. अमेरिकेत 1940 च्या सुमारास ऑटोमॅटिक गाड्या बाजारात आल्या. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांच्या ऑइलमध्ये नेमके घर्षण साधण्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे. सुरळीत गिअर पडावा म्हणून एवढ्या प्रचंड पंचेंद्रिय जीवाची हत्या! 1970 साली अमेरिकेने हा मासा संकटग्रस्त ठरवून त्याच्या तेलाची आयात बंद केली, 1973 च्या कायद्याने ती बंदी पक्की झाली, आणि मग रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. वाळवंटी होहोबा झुडपाच्या बियांचे तेल देवमाशाच्या तेलाशी फार जुळते असे आढळले. त्याची लागवड पुढे आपल्या राजस्थानातही झाली. आजचे ऑइल खनिज किंवा कृत्रिम असते.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. चेंबरखालचा नट उघडला, की सगळे ऑइल निघत नाही. गिअरबॉक्समध्ये आठ-नऊ लिटर असेल, तर चार-साडेचार लिटर बाहेर पडते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहते. म्हणजे एकदा बदलल्यावर निम्मेच नवे. थोडी गाडी चालवून पुन्हा बदलले, तर पाऊण नवे. तिसऱ्यांदा, सुमारे साडेसत्त्याऐंशी टक्के. वाणिज्य शाखेच्या मंडळींना घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा आठवेल; जुने कधी शून्य होत नाही, पण नगण्य होते. काही ठिकाणी यंत्र लावून सगळे ऑइल एकदम बदलून देतात. वेळच्या वेळी देखभाल झालेल्या गाडीला त्याने अपाय नाही. लाखभर किलोमीटर दुर्लक्षित राहिलेल्या गाडीत मात्र मी दाबाने धुण्याच्या फंदात पडणार नाही. दोन-तीन टप्प्यांत बदलीन.

‘जुन्या गाडीचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स जातो’ अशी एक समजूत पसरली आहे. तिच्यात तथ्याचा अंश एवढाच, की क्लच प्लेटा आधीच झिजलेल्या असतील, तर नवे ऑइल त्यांना वाचवू शकत नाही, आणि दोष मात्र नव्या ऑइलच्या माथी येतो. दुखणे सुरू होण्यापूर्वी बदलणे हाच त्यावरील उपाय आहे. निघालेले ऑइल मेकॅनिककडून मागून पाहावे. नवे असताना ते बहुधा लाल असते. तपकिरी झाले म्हणून घाबरू नये. जळका वास आणि चेंबरमधील चुंबकावर धातूचे चमकते तुकडे दिसले, तर चिंता करावी. पातळी मोजतानाही घाई नको. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, आणि ऑइल ठरावीक तापमानाला आले असता, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर पातळी ठरवावी लागते. हे ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून करतात, तेथेच जावे.

काढलेल्या ऑइलचे काय करणार, हेही विचारावे. ते गटारात सोडले, तर पाण्यातील किती जीव नष्ट होतील याची गणती नाही. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.

व्याह्यांच्या गाडीच्या क्लच प्लेटा आणि व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागली. घासाघीस होऊन बिल एक लाख बावन्न हजारांवर आले. साठ हजारांवर एकदा ऑइल आणि फिल्टर बदलले असते, तर त्याच गॅरेजच्या दरपत्रकाप्रमाणे साडेबारा हजार लागले असते. गाडी आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी दुकानातील लेबल चिकटवायची पट्टी काढली, तिच्यावर ‘गिअर ऑइल – 1,72,000’ असे लिहिले आणि ड्रायव्हरच्या समोरच्या झडपेला आतून चिकटवली. मी म्हणालो, “विहाराला पुन्हा जाणार ना?” ते म्हणाले, “जाणार तर.” मग थोडा विचार करून त्यांनी त्या आकड्यातील सातावर काट मारली आणि वर पाच लिहिला.