एक्सप्लेनर : तात्या विंचू नकोसा, तरी त्याला पाहून हसू का येतं?

वाशिमच्या आमच्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक तरी तात्या विंचू पडतो. कुणी उसने पैसे परत मागितले, तात्याचं स्टिकर. कुणाचा निकाल लागला, तात्याचं स्टिकर. लहानपणी याच बाहुल्याच्या भीतीने आम्ही रात्री बाथरूमला जाताना आईला उठवायचो. मग तो विनोदी कधी झाला? समजून घेऊया.

तात्या विंचू आहे कोण?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. गुंड तात्या विंचू बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि मरताना एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला पोहोचतो लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंकडे. तात्याला आता लक्ष्याचं शरीर हवंय. तात्या साकारला दिलीप प्रभावळकरांनी, तर बाहुल्यात जीव ओतला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. हॉलिवूडच्या १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’वर ही कल्पना बेतलेली होती. २०१३ मध्ये थ्रीडीत दुसरा भागही आला.

अंतराळात त्याचा भाऊ?

त्याच १९८८ सालच्या फेब्रुवारीत बीबीसी टूवर ‘रेड ड्वार्फ’ ही विज्ञान-विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यातला आर्नल्ड रिमर (अभिनेता ख्रिस बॅरी) हा तात्याचा लांबचा भाऊ शोभेल. तोही मेलेला. जहाजाचा संगणक त्याला होलोग्राम बनवून परत आणतो. कपाळावर इंग्रजी एच अक्षर, आणि सुरुवातीच्या भागांत कशालाही हात लावता येत नाही. त्यालाही दुसऱ्याचं शरीर हवंय. एका भागात ‘तुला फिट करून देतो’ म्हणून तो सहकारी लिस्टरचं शरीर उसनं घेतो आणि नुसतं खात सुटतो.

रिमर भित्रा, चुगलखोर, नियमांवर बोट ठेवणारा. त्याला अधिकारी व्हायचंय, पण दर परीक्षेत नापास. अभ्यासाचं रंगीत वेळापत्रक आखण्यातच अभ्यासाचे दिवस संपतात. जहाजावर त्याचं मुख्य काम काय, तर सूप देणारी मशीन दुरुस्त करणं.

मग राग यायचा सोडून हसू का येतं?

पहिलं कारण, हाव मोठी आणि कुवत छोटी. तात्याला सगळ्यांवर राज्य करायचंय, पण उंची गुडघ्याएवढी. रिमरला सगळ्यांना हुकूम सोडायचेत, पण साधं बटण दाबता येत नाही. ताकदवान दुष्ट माणूस भीतीदायक असतो. तीच दुष्टाई अडकून पडली की विनोद होतो. लहानपणी आपणही गुडघ्याएवढेच होतो, म्हणून तात्या भीतीदायक वाटायचा.

दुसरं कारण, त्यांना स्वतःचं हसं होतंय हे कळतच नाही. एका भागात जहाजावरच्या सगळ्यांच्या मृत्यूचा आरोप रिमरवर येतो. त्याचा वकील म्हणतो, एवढ्या बिनकामाच्या माणसाकडे जबाबदारीचं काम देईलच कोण? सुटकेचा तोच एक मार्ग असतो. तरी रिमर स्वतःच्याच वकिलावर हरकत घेतो. सुटका नको, पण मोठेपणा हवा!

तिसरं कारण थोडं टोचणारं आहे. आपण त्याला ओळखतो. तात्या परका, पण रिमर शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. कधीकधी आपल्याच खुर्चीवर.

वर्ष गेलं, मग?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझा वायडी झाला, म्हणजे एक अख्खं वर्ष मागे राहिलो. त्या उन्हाळ्यात घरी मी रोज नवं कारण सांगायचो. पेपर सिलॅबसबाहेरचा होता, तपासणारा कडक होता, रूममेट झोपू देत नव्हता. बाबा ऐकून घ्यायचे, काही बोलायचे नाहीत. तेव्हा भिंतीवर माझं वेळापत्रकही होतं, चार रंगांत.

नंतर ‘रेड ड्वार्फ’चा १९९१ चा एक भाग पाहिला. त्यात दुसऱ्या विश्वातला रिमर येतो. शूर, हुशार, सगळ्यांचा लाडका. दोघांचं बालपण सारखंच, फक्त एका वळणावर फरक पडला. लहानपणी दोघांपैकी एकाला शाळेत एक वर्ष मागे ठेवलं होतं. आपला रिमर समजतो, याला चांगली संधी मिळाली म्हणून हा मोठा झाला. शेवटी कळतं, मागे राहिला होता तो शूर रिमर. अपमान झाला आणि तो कामाला लागला. आपला रिमर वरच्या वर्गात गेला आणि आयुष्यभर कारणं देत राहिला.

नापास होणं चांगलं, असं ही मालिका म्हणत नाही. मागे राहिलेला प्रत्येक जण शूर होतोच असंही नाही. पण वर्ष गेलं म्हणजे सगळं गेलं, हे मात्र खरं नाही. वाशिम, कारंजा, रिसोडच्या अभ्यासिकांत तिसऱ्या-चौथ्यांदा परीक्षा देणारी मुलं बसलेली असतात. निकालाच्या दिवशी त्यांना तात्याचं स्टिकर पाठवण्याआधी एक फोन करून बघा.

आणि भिंतीवरचं वेळापत्रक चार रंगांत असेल, तर एकाच पेनने पुढचं पान सुरू करा. मी तेच केलं होतं.