नागझिऱ्याची धूळ आणि जिप्सीचा फिल्टर

गोंदिया-भंडाऱ्यातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सफारीची जिप्सी उन्हाळाभर धूळ खाते. एटीव्ही (खडबडीत वाटांवरची छोटी उघडी गाडी) असो वा जिप्सी, धुळीचा पहिला घाला एअर फिल्टरवरच! तो तुंबला की गाडी ओढत नाही, पेट्रोल मात्र जास्त पिते. जिप्सीचा कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. आतून बाहेर हलकी हवा मारावी, फाटला तर बदलावा. एटीव्हीचा फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवतात.

ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियलचं ऑइल बघावंच. दुधाळ दिसलं, म्हणजे पाणी शिरलंय. ऑइल लगेच बदलून सील तपासावं, नाहीतर बेअरिंग जातं.

ग्राहकांना नवी जिप्सी २०१९ पासून मिळत नाही, म्हणून चालती गाडी जपायलाच हवी. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. चेसिसचा गंज खरवडायला आणि ग्रीस भरायला तोच काळ उत्तम.